जुईनगरच्या दमट हवेत सिरॅमिक बार्बेक्यू का रुसतो? आणि बाल्कनीत तो पेटवावा का?

अंड्यासारखा आकार, सिरॅमिकच्या जाड भिंती आणि बिजागरीचं जड झाकण. 'कामाडो' नावाने ओळखला जाणारा हा कोळशाचा बार्बेक्यू रील्समध्ये फार सोपा दिसतो. घरी आणल्यावर मात्र तो लवकर तापत नाही, तापला तर आटोक्यात राहत नाही आणि पावसाळ्यानंतर झाकण उघडलं की आत बुरशी दिसते. जुईनगरसारख्या खाडीजवळच्या भागात दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यात भर घालतात. पण यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ बार्बेक्यूत नसतं, हवेत असतं. कधी ती कमी पडते, कधी जास्त मिळते, कधी ओलावा घेऊन येते.

हा प्रकार आला कुठून?

कामाडो हा जपानी शब्द, अर्थ चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी जपानमधून मातीच्या अशा चुली मायदेशी नेल्या. १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटात 'बिग ग्रीन एग' हे दुकान सुरू केलं. मातीच्या चुली तडकायच्या, म्हणून पुढे जास्त टिकाऊ सिरॅमिक आलं.

तत्त्व आपल्याला नवीन नाही. शेजारच्या रायगडात हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन भरून बाहेरून जाळ करतात. मडकं उष्णता धरून ठेवतं आणि पाणी न घालता आतलं शिजतं. कामाडोत फरक इतकाच की आग आत असते आणि तिचा जोर खालच्या व वरच्या झडपेने ठरतो.

तापतच नाही

आधी राख बघा. कोळशाखालच्या जाळीची भोकं राख आणि चुऱ्याने बुजली की खालून हवा येत नाही. राख काढा, तळाला मोठे तुकडे ठेवा, चुरा टाकून द्या. दाबून बनवलेल्या कोळशाच्या वड्यांची राख जास्त होते, त्यामुळे कामाडोसाठी लाकडी कोळशाचे अख्खे तुकडे बरे. दगडी कोळसा अजिबात नको.

दुसरा संशयित म्हणजे ओला कोळसा. कोळसा हवेतला ओलावा शोषतो. तो तडतडत असेल, नुसताच धुमसत असेल तर दोन-तीन तास कडक उन्हात ठेवा आणि नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. बाल्कनीत उघडं पडलेलं पोतं जुलैत कामाचं राहत नाही.

रॉकेल ओतणं हा उपाय नाही. सच्छिद्र सिरॅमिकमध्ये वास मुरतो आणि पुढे जेवणाला येतो. भडका उडण्याचा धोका वेगळाच. कागदाचे बोळे आणि वाळलेली करवंटी पुरते.

सुरुवातीला पांढरा दाट धूर येतो. त्यात पदार्थ ठेवला तर कडवट होतो. धूर विरळ होईपर्यंत थांबा.

तापतो, पण थांबत नाही

जाड भिंती तापायला वेळ घेतात आणि निवायला त्याहून जास्त. म्हणून काटा हवा तिथे पोहोचल्यावर झडपा आवळल्या तर उशीर झालेला असतो. १५-२० अंश आधीच त्या कमी करायला लागा. झाकण उघडून गार करायला गेलं की उलटंच होतं, कारण आगीला आणखी हवा मिळते.

झडपा बराच वेळ बंद असतील तर झाकण एकदम उघडू नका. हवेसाठी आसुसलेल्या निखाऱ्यांना अचानक ऑक्सिजन मिळून ज्वाळा बाहेर येते, भुवया आणि हात भाजतात. आधी झाकण दोन बोटं उचला, काही सेकंद थांबा, मग सावकाश पूर्ण उघडा.

झडपा बंद करूनही आग विझत नसेल तर कडेची नमद्याची पट्टी तपासा. झाकणात कागद अडकवून ओढा. तो सहज निसटला तर तिथून हवा शिरतेय, पट्टी बदला. काट्याबद्दल शंका असेल तर त्याची दांडी उकळत्या पाण्यात बुडवा. जुईनगर समुद्रसपाटीच्या जवळ असल्याने काटा १०० अंशांच्या आसपास थांबायला हवा.

तडे आणि बुरशी

बाहेरच्या चकाकीवर जाळीसारख्या बारीक रेषा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. भिंतीत आरपार गेलेला तडा मात्र गंभीर, त्यावर आग पेटवू नका. तापलेल्या सिरॅमिकवर पाणी कधीच ओतू नका. पावसात भिजला असेल तर आधी सुकवा आणि पहिली आग मंद ठेवा.

बुरशी आली तर जुना कोळसा टाका, आतून कोरडी घासा आणि अन्न न ठेवता एकदा कडक जाळ करा. पावसाळ्यात आत कोळसा ठेवू नका. छपराखाली ठेवून झडपा उघड्या राहू द्या.

बाल्कनीत चालेल का?

खरा धोका इथे आहे. नवी मुंबईत अनेक बाल्कन्या ग्रिल आणि सरकत्या काचा लावून खोलीसारख्या केलेल्या असतात. अशा बंद जागेत कोळसा पेटवू नये, एक काच उघडी ठेवूनही नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. धूर दिसत नाही म्हणजे वायू नाही असं नसतं. उलट लालबुंद, बिनधुराचे निखारेही तो सोडतात.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गुंगी ही लक्षणं. जवळच्या दोघा-तिघांना एकदमच असं वाटू लागलं तर दुसरं कारण शोधत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा.

पावसाची सर आली म्हणून पेटलेला बार्बेक्यू हॉलमध्ये ओढणं ही नेहमीची चूक. झडपा बंद केल्यावरही निखारे कित्येक तास धुमसतात, म्हणून रात्री तो घरात घेऊन झोपणंही तितकंच धोकादायक. त्यापेक्षा सोसायटीची परवानगी घेऊन मोकळी गच्ची गाठा. मोठा कामाडो ७० किलोंच्या पुढे जातो, तो वर न्यायचा तर थंड असताना आणि दोन-तीन जणांनी मिळून. राख दुसऱ्या दिवशी काढा, तीही पत्र्याच्या डब्यात. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा असला तर प्लास्टिकची कचरापेटी पेट घेते.