मींड आणि स्वरसंघ

हैदराबाद हे हिंदुस्तानी मींड आणि कर्नाटक गमक या दोहोंशी परिचय असलेले शहर. हवाइयन गिटारचा घसरता स्वर तेथील श्रोत्याला परका वाटू नये. हवाई बेटांतील जोसेफ केकुकूने 1889 च्या सुमारास तारांवरून पोलादी कांडी सरकविण्याची ही रीत काढली, असे मानतात.

परंतु सरळ कांडी सर्व तारा सारख्याच चढविते. तारा सा-ग-प अशा जुळविल्या, तर कोठेही त्याच घडणीचा स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, मिळतो. एकेका स्वराने राग उलगडणाऱ्यास ही उणीव जाचत नाही. ब्रिजभूषण काब्रांनी याच वाद्यावर राग खुलविले. अमेरिकेतील गीतांना मात्र स्वरसंघ बदलणे अटळ होते. म्हणून तेथे वाद्याला पायाने दाबण्याची पेडले आली.

आज रूढ असलेल्या एका जुळणीत एक पेडल पंचमाला शुद्ध धैवतावर नेते. सा-ग-ध हा मायनर स्वरसंघ मिळतो. दुसरे गांधाराला शुद्ध मध्यमावर चढविते. दोन्ही दाबली की सा-म-ध. कांडी जागची हलतही नाही.

1954 साली गाजलेल्या वेब पीअर्सच्या ‘स्लोली’ गीतात बड आयझॅक्सने तारा निनादत असतानाच पेडल दाबले. एक स्वर स्थिर राहिला, शेजारचा सरकला. स्वरसंघासाठी योजिलेल्या यंत्रातूनच मींड पुन्हा प्रकटली.