नाक मुठीत धरून केंब्रिजला

हातातली ती गोळी जरा बाजूला ठेवा. हो, तीच, ‘रंग उजळतो गं’ म्हणत मावसबहिणीने पाठवलेली. डबीवर मोठ्या अक्षरांत ‘ग्लुटाथायोन’ लिहिलंय. तिचं काय करायचं ते परत आल्यावर बघू. आता डोळे मिटा, पण नाक उघडं ठेवा. आपण जातोय तिथली वाट नाकानेच सापडते.

पाय टेकले? फरशी ओली आहे, सांभाळा. हवेत कोळशाचा धूर, भिजलेल्या लोकरीचा कुबट वास आणि पाठीमागे सायकलची घंटा. बाजूला व्हा, इथले विद्यार्थी ब्रेक लावत नाहीत. हे केंब्रिज, साल 1921. समोरची इमारत मुळात प्रार्थनामंदिर. पुढे मुलींना विज्ञान शिकवायला तिथे प्रयोगशाळा झाली आणि आता जीवरसायनवाल्यांनी ती कोंबून भरली आहे. दार ढकला.

आंबोळीच्या पिठाचं झाकण एकदम उघडल्यासारखी वाफ तोंडावर येते ना? ते यीस्ट. पाव फुगवतं तेच. पातेल्यात ते रटरटतंय, गॅसच्या शेगड्या फुरफुरताहेत, तुमचा चष्मा धुरकट झालाय आणि मानेवर घाम. बाहेर थंडीने दात वाजत होते, इथे शर्टाची कॉलर सैल करावीशी वाटते.

टेबलांमधल्या बोळातून अंग चोरत पुढे सरका. बाकांवर बायकाही कामात गढलेल्या दिसतील. या विद्यापीठात त्यांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी मिळायला 1948 उजाडेल, पण या खोलीत त्यांना बाक मिळतो, काम मिळतं. ते बारकेसे, मिशीवाले, साठीचे गृहस्थ दिसले? फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, या जीवरसायनवाल्यांचे प्रमुख. पाठीमागे सगळे त्यांना ‘हॉपी’ म्हणतात. तुम्ही मात्र ‘सर’ म्हणा.

आता कामाला लागा. यीस्टचा काढा गाळायचा. गाळण हळूहळू ठिबकतं, घाई करून चालत नाही. मग त्यात पाऱ्याचा क्षार घातला की पांढुरका साका खाली बसतो. आपल्याला हवा तो पदार्थ याच साक्यात पाऱ्याला चिकटून बसलाय, कारण त्याच्या अंगी गंधक आहे आणि पारा-गंधकाची दोस्ती जुनी. ती तोडायला आणखी गंधक हवं. म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू. म्हणजे सडकी अंडी!

आता धरा नाक मुठीत. बुडबुडे साक्यातून वर येतात आणि पांढरा साका बघता बघता काळाकुट्ट होतो. पोटात मळमळ. शेजारच्या टेबलावरचा माणूस मात्र सँडविच खातोय. त्याचं नाक केव्हाच निवृत्त झालंय. तो काळा गाळ जपून ठेवू नका, टाकायचा तोच. माल वरच्या निवळीत आहे. किलोभर यीस्ट उकळा, गाळा, पुन्हा गाळा, आणि हाती येणार जेमतेम चिमूटभर पूड. पांढरी, साधी.

“एवढंच?” असं तुमच्या तोंडावर आलंय. थांबा. ती जराशी पाण्यात, वर नायट्रोप्रुसाइड या रसायनाचे दोन थेंब, मग अमोनिया. डोळ्यांतून पाणी आलं? पुसा, नाहीतर हुकेल. बघा, जांभळट गुलाबी! सोलकढीहून गडद, पिकल्या जांभळाहून उजळ. कुणाला हाक मारेपर्यंत फिका पडतो आणि संपतो. रोज इथे माणसं या रंगाच्या मागे असतात: स्नायूच्या खिम्यात सापडतो का, यकृतात सापडतो का. सापडतो.

आता नळीतून त्या द्रावात हवा सोडा आणि पुन्हा थेंब टाका. रंग येत नाही. पूड संपली म्हणता? छे, तिने आपला हायड्रोजन देऊन टाकलाय. रिकामे झालेले दोन कण गंधकाला गंधक लावून जोडीने बसलेत. त्यांना स्नायूच्या सोबतीत ठेवा, हायड्रोजन परत मिळतो आणि रंगही परततो. वाडीतली साखरेची वाटी आठवा. ती एका घरची दुसऱ्या घरी जाते, परत येते आणि त्या ये-जेवरच शेजार टिकतो.

जाण्यापूर्वी हॉपकिन्स आणि तरुण माल्कम डिक्सन यांचा एक खेळ बघाच. धुऊन धुऊन निःसत्त्व केलेला, वर उकळलेला स्नायू नळीत आहे. त्यात मिथिलीन ब्लू, अगदी कपड्यांच्या निळीसारखं. पंपाने हवा काढून नळी कोमट पाण्यात ठेवली. निळं ते निळंच. दुसऱ्या नळीत आपली चिमूट टाकलेली. तिच्यातली निळाई विरत विरत नाहीशी होते! मेलेलं, शिजलेलं मांस, आणि तरी त्यात देवघेव सुरू. बूच काढा: हवा शिरते आणि वरून खाली पुन्हा निळं उतरतं. तुम्ही टाळ्या वाजवता. कुणी वळून बघत नाही, इथे टाळ्यांची पद्धत नाही.

हॉपकिन्स या पदार्थाला नाव देतात ग्लुटाथायोन. एका फ्रेंच माणसाने यीस्टमध्ये आधी हेरलेल्या ‘फिलोथायोन’चं शेपूट त्यात मुद्दाम ठेवतात. त्यात दोन अमिनो आम्लं आहेत असंही सांगतात. तिथे ते चुकतात. 1929 साली, नोबेल मिळालं त्याच वर्षी, ते स्वतःच सांगतील की दोन नाहीत, तीन आहेत.

चला परत. अरेच्चा, वळण चुकलं! हे 1938, केंब्रिजच, पण इमारत नवी, आणि वास चक्क बटाट्याचा. बाकावर कमला भागवत, पुढे सोहोनी झालेल्या, आपल्या लेखिका दुर्गाबाई भागवतांची बहीण. वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन शोधताहेत. आपल्या माणसाला बघून हाक मारावीशी वाटते, पण हातात परीक्षानळी असलेल्या माणसाला हाक मारू नये, एवढं आपण आज शिकलोय.

उघडा डोळे. घर, पंखा, ती डबी. आजच्या प्रयोगशाळांत ग्लुटाथायोन मोजायला पिवळा रंग देणारं दुसरं रसायन वापरतात आणि भरलेल्या व रिकाम्या कणांच्या प्रमाणावरून पेशीवर किती ताण आहे ते ताडतात. गोळी गिळलीत तर त्यातलं बरंचसं आतड्यातच तुकडे होऊन जाईल. आणि तुमच्या पेशी ते रोज घरच्या घरी करतच असतात, कुणाला गोरं करायला नव्हे.

मावसबहिणीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आरशात एकदा बघा. रंग होता तसाच आहे, गळ्यातली चांदीची साखळी तेवढी काळी पडलीय. इतक्यात घासू नका.