पोगचा कार्बुरेटर : एका दंतकथेची तपासणी

इंधनाच्या नळीला लावायचे लोहचुंबक, हवेला भोवरा देणारी चकती, टाकीत टाकायची गोळी. मोटारीचे मायलेज वाढवण्याचा दावा करणाऱ्या या वस्तूंच्या इतिहासात मागे जाऊ लागलो, की कॅनडातील विनिपेग शहराशी थांबावेच लागते. तिथल्या चार्ल्स नेल्सन पोग या संशोधकाला 1930 ते 1936 या काळात कार्बुरेटरची पेटंटे मिळाली. कल्पना अशी, की धुरांड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेने पेट्रोलची पूर्ण वाफ करायची आणि तीच इंजिनात सोडायची. गॅलनला 200 मैलांचा बोलबाला झाला. इंपिरियल गॅलन धरला तर लिटरमागे सुमारे 70 किलोमीटर!

हा कार्बुरेटर बाजारात आला नाही आणि दंतकथा जन्मली. तेल कंपन्यांनी तो दडपला. तो निकामी व्हावा म्हणून पेट्रोलमध्ये शिसे मिसळले, असे आजही सांगितले जाते. तारखा मात्र वेगळेच सांगतात. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री अमेरिकेत 1923 सालीच सुरू झाली होती, पोगच्या पहिल्या पेटंटच्या सात वर्षे आधी. आणि ती इंजिनाचे ठोके थांबवण्यासाठी. शिवाय पेटंट म्हणजे गुपित नव्हे, जाहीर कागद. त्याची मुदत संपून कित्येक दशके लोटली. आज कोणीही तो कार्बुरेटर बनवू शकतो.

मला अधिक निर्णायक वाटते ते साधे गणित. त्या काळची मोटार गॅलनला वीसेक मैल जाई आणि पेट्रोलमधील ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा इंजिन कामी लावी, असे धरू. उरलेला सगळा हिस्सा वाचवला, तरी मायलेज पाचपट होईल. दहापट व्हायला पेट्रोलमध्ये आहे त्याहून अधिक ऊर्जा लागेल. वाया जाणारी ऊर्जा मुख्यतः उष्णतेच्या रूपाने जाते. न जळलेल्या पेट्रोलचा वाटा त्या मानाने लहान. म्हणजे पोगचा नेम मुळात छोट्या गळतीवर होता.

1973च्या तेलसंकटानंतर अशा साधनांना पुन्हा बहर आला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तेव्हापासून शंभराहून अधिक साधने तपासली. मोजक्यांनी किंचित फरक दाखवला. लक्षणीय बचत एकानेही केली नाही.

मग लोक शपथेवर सांगतात ते खोटे का? तसे नाही. पैसे मोजून साधन बसवलेला चालक नकळत पाय हलका ठेवतो, टायरमधली हवा तपासतो, टाकीचा हिशेब वहीत लिहू लागतो. बचत खरी असू शकते, पण श्रेय चकतीला जाते. म्हणूनच प्रयोगशाळा रस्त्यावर विसंबत नाहीत. गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेगक्रमाने चालवतात आणि धुरातल्या कार्बनवरून जळलेले इंधन काढतात. 1966 साली स्थापन झालेली पुण्याची ‘एआरएआय’ ही संस्था वाहनांच्या अशाच चाचण्या करते.

इंधनखर्चावर ज्याचे पोट अवलंबून आहे, त्या टॅक्सीवाल्याला वा रिक्षावाल्याला ही साधने सर्वांत आधी विकली जातात. त्याने विक्रेत्याला एवढेच विचारावे : साधन काढून आणि बसवून, त्याच गाडीची अशी चाचणी कुठे झाली, आणि तिचा अहवाल कुठे आहे?