जखमी हात आणि कायदा

यंत्रात सापडून तुटलेले बोट साऱ्या जगाला दिसते. इस्पितळात सुई टोचलेले बोट मात्र सायंकाळपर्यंत ज्याचे त्यालाही आठवत नाही. या दोन बोटांकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी कशी बदलत गेली, हा आपल्या देशातील सामाजिक न्यायाच्या इतिहासाचा एक लहानसा पण बोलका भाग आहे.

जबलपूरसारख्या शहरात या दोहोंचा विचार एकत्र करणे साहजिक वाटते. येथील गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची. लोखंड कापणाऱ्या व घडविणाऱ्या यंत्रांवर येथील कामगारांच्या पिढ्या राबल्या. 1955 साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना होऊन मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय या शहरात आले. नुकसानभरपाईच्या आयुक्तांच्या निकालावरील अपील उच्च न्यायालयापुढे चालत असे. त्यामुळे दूरदूरच्या जिल्ह्यांतील कितीतरी जखमी हातांची कैफियत अखेर येथे येऊन पोहोचली.

1923 पूर्वी अशा कैफियतीला फारसा आधार नव्हता. मालकाची चूक झाली, हे दिवाणी न्यायालयात सिद्ध करण्याचे ओझे कामगारावरच होते. हात गमावलेल्या माणसाने वकील कोठून आणावा? त्या वर्षी कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि 1 जुलै 1924 पासून तो अमलात आला. नारायण मल्हार जोशी हे त्या काळी केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडीत होते. चूक कोणाची, हा प्रश्न बाजूला सारून कामामुळे व काम चालू असता इजा झाली एवढेच पाहावे, हे या कायद्याचे तत्त्व होते. त्याच्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांचा जणू हिशेबच मांडला होता. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 25 टक्क्यांनी घटली असे धरावे, तर्जनी गेली तर 10 टक्क्यांनी. पुढे हे आकडे अनुक्रमे 30 आणि 14 झाले. हा हिशेब रुक्ष खरा. परंतु त्यामुळे कामगाराला दया मागावी लागली नाही, हक्क मागता आला.

मात्र ही सारी कारखान्याची, खाणीची, आगगाडीची आणि गोदीची भाषा होती. शुश्रूषा हे पुण्याचे काम. त्यात धोका असतो, हे समाजाच्या ध्यानातच येत नव्हते. वास्तविक वैद्यकाच्या इतिहासाची साक्ष निराळी आहे. 1847 साली व्हिएन्ना येथे शवविच्छेदन चालू असता कोलेत्श्का या प्राध्यापकांच्या बोटाला विद्यार्थ्याच्या सुरीचे टोक लागले आणि त्यांना मृत्यू आला. त्या मृत्यूवरूनच त्यांचे मित्र सेमेलवाइस यांना सूतिकाज्वराचे कारण उमगले. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे आले तेही एका परिचारिकेच्या हातांमुळे. जंतुनाशक द्रावणाने कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांची कातडी सोलवटली, तेव्हा बाल्टिमोरचे शस्त्रवैद्य हॉलस्टेड यांनी 1889-90 च्या हिवाळ्यात ते मुद्दाम करवून घेतले. क्ष-किरणांचे यंत्र हाताळणाऱ्या आद्य तंत्रज्ञांपैकी कित्येकांनी आधी बोटे, मग हात आणि शेवटी प्राण गमावले. 1936 साली हॅम्बुर्गच्या एका इस्पितळाच्या आवारात अशा 169 जणांच्या नावांचा स्मृतिस्तंभ उभा राहिला.

आपल्या कायद्याने ही साक्ष नोंदवून घेतली ती 1984 सालच्या दुरुस्तीने. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत संसर्गजन्य रोग आले आणि त्यांच्यासमोर आरोग्यसेवा व प्रयोगशाळा यांतील कामाचा स्पष्ट उल्लेख आला. असा रोग जडल्यास तो अपघातच मानावा आणि उलट सिद्ध होईपर्यंत कामामुळेच झाला असे धरावे, असा नियम त्याला लागू झाला. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. कंत्राटदाराने आणलेल्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावरही असते, हे तत्त्व तर या कायद्यात होतेच. इस्पितळातील कचरा उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या दृष्टीने ते फार मोलाचे. 2020 साली संसदेने संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तत्त्वे सामावून घेतली गेली.

तरीही कायद्याचा हात टोचलेल्या बोटापर्यंत सहज पोहोचत नाही. दूषित सुई लागल्यास एड्सच्या विषाणूचा संसर्ग हजारांत सुमारे तिघांना होतो. लस न घेतलेल्यांना काविळीच्या ‘ब’ विषाणूचा धोका शंभरात 6 ते 30 इतका असू शकतो. रोग प्रकट होतो तो महिन्यांनी, कधी वर्षांनी. तोवर त्या दिवसाची आठवण पुसट झालेली असते आणि जो रोग कामामुळे झाला तो घरचा ठरतो. म्हणून त्याच दिवशी वहीत केलेली नोंद आणि त्याच दिवशी केलेली रक्ततपासणी हाच त्या हाताचा खरा वकील होय. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी सुयांसाठी न भेदता येणारे पांढरे पात्र, कर्मचाऱ्यांना लस आणि वर्षातून एकदा तपासणी ही इस्पितळांवरच बंधनकारक केली आहेत.

पुष्कळदा आया किंवा सफाई कामगार, नोकरी जाईल या भीतीने, टोचलेले बोट पदराआड लपवितात. ते बोट निर्भयपणे पुढे करता येईल असे वातावरण ज्या इस्पितळात असेल, तेथेच 1923 साली सुरू झालेले काम पुरे झाले असे म्हणता येईल.