पिवळा दिवा

टोमॅटोचे सत्तर क्रेट भरून नारायणगावच्या बाजाराला निघालो होतो. गावाची वेस ओलांडली अन् मीटरच्या काचेत इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. लागला तो विझेना. गाडी २०१७ सालची पिकअप. कान दिला तर आवाज नेहमीचा, आरशात पाहिलं तर धूर नाही, चढाला ओढही तीच. ऑइलचा लाल दिवा असता तर जागेवर थांबलो असतो. हा पिवळा काय म्हणतोय, ते कळेना.

आमची पिढी धूर बघून इंजिन ओळखणारी. वडिलांच्या वेळच्या ट्रॅक्टरला कसला आलाय असला दिवा? काळा धूर आला की हवा कमी पडतेय, एअर क्लीनर साफ करा. निळा आला की ऑइल जळतंय. पांढरा आला की डिझेल नीट जळत नाही, नाहीतर पाणी शिरलंय. एवढ्यावर जन्म गेला.

बाजारात एक ड्रायव्हर म्हणाला, "आण्णा, बॅटरीचं टर्मिनल काढा अन् पाच मिनिटांनी लावा." लावलं. दिवा गेला, अन् तिसऱ्या दिवशी परत हजर. मग एका मोठ्या वर्कशॉपात नेली. तिथल्या पोरानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटात यंत्र खुपसलं अन् उभ्या उभ्या सांगितलं, "ईजीआर व्हॉल्व्ह बदलावा लागेल. तेरा हजार." त्या आठवड्यात क्रेटला सव्वाशे भाव होता. म्हणजे शंभरावर क्रेट, दीड खेप माल. गाडी तशीच घरी आणली.

हा दिवा आला कुठून, ते नातवानं मला वाचून दाखवलं. त्याची गोष्ट गॅरेजात नाही, शहरात अन् शेतात सुरू होते. जुलै १९४३. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर असा धुरकट पडदा पसरला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. युद्धाचे दिवस, काहींना वाटलं शत्रूनं विषारी वायू सोडला. मग बोट गेलं एका कारखान्याकडे. कृत्रिम रबरासाठी लागणारा वायू तिथं बनायचा. तो काही काळ बंद केला, तरी पडदा हटेना. आजूबाजूच्या शेतांत पालकासारख्या भाज्यांची पानं खालच्या अंगाला चांदीसारखी चकाकून करपायला लागली. रोग म्हणावा तर किडा नाही, बुरशी नाही.

तिथल्या पासाडेनात आरी हागेन-स्मिट नावाचे शास्त्रज्ञ अननसाच्या वासावर काम करत होते. ते या हवेच्या मागे लागले. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवलं की मोटारींतून अन् तेलाच्या कारखान्यांतून निघणारी न जळलेली वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो. बंद खोलीत तीच हवा करून रोपांवर सोडली, तर पानं तशीच करपली. मोटार कंपन्यांना ते पटायला वेळ लागला. पुढे कॅलिफोर्नियात हवेसाठी सरकारी मंडळ झालं, त्याचे पहिले अध्यक्ष तेच. याच मंडळाच्या नियमानं तिथल्या १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांना स्वतःची तपासणी करून दिवा लावणं भाग पडलं. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या मोटारींना एकच सोळा पिनांचं सॉकेट अन् एकसारखे कोड आले. आपल्याकडे भारत स्टेज चारचा नियम २०१० मध्ये आधी मोठ्या शहरांत लागला, अन् १ एप्रिल २०१७ पासून देशभर. त्यातूनच तो दिवा माझ्या पिकअपपर्यंत पोचला.

म्हणजे हा दिवा मुळात मालकासाठी नाही, हवेसाठी आहे. तेव्हा कुठं गाडी चांगली ओढत असून दिवा का लागला, ते उमगलं. इंजिनात उष्णता फार वाढली की नायट्रोजनचे तेच ऑक्साइड जास्त बनतात. ते कमी व्हावेत म्हणून थोडा जळका धूर परत इंजिनात फिरवतात. फिरवणारी झडप म्हणजे ईजीआर.

आमच्या गावच्या फिटरकडेही आता छोटं यंत्र आहे. त्यानं कोड वाचला, पी ०४०१. म्हणाला, "आण्णा, यात एवढंच लिहिलंय, की धूर पाहिजे तेवढा परत फिरत नाही. का फिरत नाही, ते आपण हुडकायचं." झडप उघडून पाहिली. काजळी होती, ती खरवडली, पण झडप हलत होती. मग झडपेला ओढणारा व्हॅक्यूमचा रबरी पाइप त्यानं हातानं चाचपत नेला. मागच्या अंगाला उंदरानं कुरतडलेला. पिकअप मी बाजरीच्या पोत्यांशेजारी लावत होतो! वीतभर पाइप, मजुरीसकट दीडशे रुपये. कोड पुसला. महिना झाला तरी दिवा आला नाही.

वर्कशॉपातलं पोरगं खोटं बोललं असं मी म्हणत नाही. त्यानं यंत्रावरचं नाव वाचलं अन् त्या नावाचा भाग सांगितला. तिकडे रबराचा कारखाना बंद केला, तेव्हाही तसंच झालं. आपल्या शेतात पान पिवळं पडलं की युरिया टाक म्हणणारे चार जण बांधावर उभेच असतात. मी आधी एक रोप उपटून मुळी बघतो. ते मला चाळीस वर्षं ठाऊक होतं, गाडीच्या बाबतीत तेवढं सुचलं नाही.

आता पिकअप पोत्यांपासून लांब लावतो अन् पंधरा दिवसांनी बॅटरी मारून बॉनेटखाली पाहतो.