मधल्या पायरीचा इतिहास

आमच्या इंदिरानगरात संध्याकाळी पाठीवर काळी लांबट पिशवी अडकवून क्लासला निघालेली मुलेमुली दिसतात. पिशवीत गिटार असते. दोन-तीन वर्षांनी यांपैकी बऱ्याच गिटारी कपाटामागे किंवा माळ्यावर गेलेल्या असतात, हेही इथल्या घरांतून फिरणाऱ्याला ठाऊक असते. हे नाशिकपुरते नाही. गिटार बनवणाऱ्या फेंडर या अमेरिकी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी काही वर्षांपूर्वी जाहीरपणे सांगितले होते की, नव्याने गिटार हाती घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पहिल्या वर्षभरात ती सोडून देतात. गिटारी विकण्यावर ज्याचे पोट आहे, त्यानेच दिलेली ही कबुली आहे.

सोडणारा स्वतःविषयी जे म्हणतो, ते मला या आकड्याहून महत्त्वाचे वाटते. ‘माझ्या बोटांत ते नाही’, ‘मला उपजत कान नाही’ अशी ती वाक्ये असतात. दोष स्वतःकडे घेऊन माणूस वाद्य बाजूला ठेवतो आणि अनेकदा संगीतही. हा दोष खरोखर त्याचा असतो का, हे पाहण्यासाठी मी वाद्य शिकण्याच्या आपल्याकडच्या रीतीचा गेल्या दीडशे वर्षांचा मागोवा घेऊ लागलो. त्यातून जे हाती आले ते थोडक्यात मांडतो.

आधी वाद्याची अडचण. गिटारच्या सहा तारा असतात. त्या पोलादी असतील तर पहिले काही आठवडे डाव्या हाताच्या बोटांची टोके हुळहुळतात, मग घट्टे पडतात आणि दुखणे थांबते. पुढे ‘एफ’ ही कॉर्ड येते. तिच्यात तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या असतात. इथे कित्येक जण अडतात. पण नेटाने बसणाऱ्याचे हेही काही महिन्यांत जमते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकणारे, गिटारचे पडदे कायमचे ठोकलेले. त्यामुळे तारा नीट लावल्या असतील तर बोट ठेवताच बऱ्यापैकी सुरेल आवाज निघतो. सुरुवात करून देण्याच्या बाबतीत गिटार तशी दयाळू आहे. खरी अडचण त्यानंतरची. चार गाणी वाजू लागतात, घरचे कौतुक करतात, आणि मग वर्षभर तीच चार गाणी तशीच वाजत राहतात.

या अवस्थेचा अभ्यास पहिल्यांदा झाला तो संगीतात नव्हे, तारखात्यात. अमेरिकेतील इंडियानाचे विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी तारयंत्र शिकणाऱ्यांची प्रगती आठवड्या-आठवड्याने मोजली आणि १८९७ व १८९९ मध्ये निष्कर्ष छापले. तार पाठवण्याचा वेग सलग चढत जाई. तार ऐकून उतरवून घेण्याचा वेग मात्र मध्येच थांबे आणि दीर्घकाळ सपाट राहून मग पुन्हा चढू लागे. त्यांचा खुलासा असा की, शिकणारा आधी सुटी अक्षरे ऐकतो. अक्षरांचे शब्द आणि शब्दांची वाक्ये एका झेपेत ऐकू येईपर्यंत तो त्याच सपाटीवर असतो. म्हणजे हात पुढे गेलेला असतो, कान मागे राहिलेला असतो. गिटार शिकणाऱ्याचेही नेमके हेच होते. त्याला कॉर्ड येतात, पण एका कॉर्डकडून दुसरीकडे जाणारे वाक्य ऐकू येत नाही.

आपल्या जुन्या पद्धतीत या सपाटीवर शिष्य एकटा नसे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून घेऊन महाराष्ट्रात आले. मिरजेत ते शिकवत तेव्हा शिष्याचा रियाज गुरूच्या कानावर पडे. चूक तिथल्या तिथे अडवली जाई आणि एकच पलटा महिनोन्‌महिने घोटून घेतला जाई. प्रगती दिसत नसली तरी ती कुठवर आली आहे हे गुरूला कळत असे. या पद्धतीचे गोडवे गाताना तिची किंमत विसरू नये. हा दरवाजा फार थोड्यांसाठी उघडा होता, आणि विद्या हातची राखून ठेवणारे उस्तादही कमी नव्हते. प्रतिष्ठित घरातल्या मुलीला तर तो जवळपास बंदच होता.

तो उघडण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज निघाला. १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा बडोद्यात सुरू झाली. स्वरलिपी आल्या, सतार आणि हार्मोनियम शिकवणारी छापील पुस्तके आली. पुढे मुंबईच्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतल्या शेकडो बंदिशी लिहून काढल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा आपला मोठा ग्रंथ मराठीतच लिहिला. वाद्यसंगीत कागदावर उतरल्यामुळे वकिलाच्या, कारकुनाच्या मुलालाही पहिला धडा घेता येऊ लागला. आजच्या गिटारवादकाची ‘टॅब’, म्हणजे तारांच्या सहा रेघांवर पडद्यांचे आकडे मांडण्याची रीत, हे त्याच कामाचे दूरचे भावंड म्हणता येईल.

या चळवळीतले सर्वांत मोठे नाव पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे. बाळकृष्णबुवांच्या या शिष्याने ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा, पुस्तके, स्वतःचा छापखाना असे सगळे त्यांनी उभे केले. आपल्याला तानसेन नव्हे तर ‘कानसेन’ घडवायचे आहेत, असे ते म्हणत, ही आठवण आजही सांगितली जाते. त्यांच्या कामाचा जो भाग नंतरच्या अनुकरणात मागे पडला, तो मला अधिक मोलाचा वाटतो. तो म्हणजे उपदेशक वर्ग. निवडक मुले संस्थेतच राहत, वर्षानुवर्षे शिकत आणि पुढे शिकवण्याचे काम पत्करत. परीक्षा देणाऱ्या शेकडोंसाठी छापील पुस्तक चालेल, पण मधल्या सपाटीवर सोबत करायला माणूसच लागतो आणि तो माणूस मुद्दाम घडवावा लागतो, हे पलुस्करांनी ओळखले होते. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर, साबरमती आश्रमात गेलेले नारायण मोरेश्वर खरे ही सगळी त्यांच्या हाताखालची माणसे.

हे काम खर्चाचे होते. संस्था मुंबईला आली, मोठी इमारत उभी राहिली आणि कर्जापायी लिलावात गेली. त्यानंतरची पलुस्करांची वर्षे आमच्या नाशिकशी बांधलेली आहेत. पंचवटीत त्यांनी रामनाम आधाराश्रम चालवला. इंदिरानगरातून गोदावरी ओलांडली की पंचवटी येते. पण गिटारच्या क्लासला जाणाऱ्या मुलांना या नात्याची कल्पना नसते. १९३१ मध्ये पलुस्कर वारले, तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. म्हणजे वडिलांकडून फार तर आरंभ मिळाला होता. पुढची सगळी वाट विनायकराव आणि नारायणराव या वडिलांच्या शिष्यांनी त्याच्यासोबत चालून काढली. १९५५ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी द. वि. पलुस्कर गेले, तेव्हा ते देशातल्या पहिल्या रांगेतले गायक होते. बापाने परक्या मुलांवर केलेला खर्च असा स्वतःच्या मुलाच्या कामी आला. उपदेशक वर्ग कशासाठी होता, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आता गिटारकडे परत येऊ. मांडीवर आडवी ठेवून तारेवर धातूचा दांडा फिरवायची हवाईयन गिटार विसाव्या शतकात आपल्याकडे रुजली. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवायचे ठरवले, तेव्हा त्यांना शिकवू शकेल असा गिटारवादक नव्हता. ते गेले सरोदवादक अली अकबर खाँ यांच्याकडे. गुरूचे वाद्य वेगळे, हाताची ठेवण वेगळी. बोट कुठे ठेव हे गुरू दाखवू शकत नव्हता. काय वाजायला हवे होते आणि काय वाजले, एवढे मात्र तो सांगू शकत होता. तेवढे पुरले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची काब्रांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६० च्या दशकातली ध्वनिमुद्रिका पुढे जगभर ऐकली गेली.

या सगळ्याचा अर्थ मी असा लावतो. वाद्याचा आरंभ सोपा करण्यात आपण दीडशे वर्षांत विलक्षण यश मिळवले. स्वरलिपी, परीक्षा, टॅब आणि आता मोबाइलवरचे धडे ही सगळी त्या पहिल्या दरवाजाची रुंदी आहे, आणि ती वाढली हे चांगलेच झाले. पण दरवाजापलीकडच्या वाटेसाठी पलुस्करांनी जी माणसांची सोय केली, ती आपण त्या प्रमाणात वाढवली नाही. मोबाइल हवे तेव्हा वाजवून दाखवतो आणि सूर चुकला तर तेही दाखवतो. पण तुमचे वाक्य अजून वाक्य झालेले नाही, हे ऐकून तो तुमच्याबरोबर थांबत नाही. हे काम करायला थोर कलावंतच हवा असे नाही. आठवड्यातून एकदा नीट ऐकून खरे सांगणारा जाणता शेजारीही पुष्कळ असतो.

म्हणून गिटार माळ्यावर टाकणाऱ्या मुलाला किंवा पन्नाशीत शिकायला बसलेल्या गृहस्थाला मी एवढेच सांगतो की, प्रगती थांबलेली दिसणे हा शिकण्याचाच एक टप्पा आहे आणि तारखात्यातल्या शिकाऊंनाही तो चुकला नव्हता. बोटांना दोष देण्याआधी आपले वाजवणे कोण ऐकते, हे पाहावे. कोणीच ऐकत नसेल, तर नवी गिटार घेण्यापेक्षा ऐकणारा शोधणे स्वस्त पडेल.