स्वस्त ताटाचा इतिहास



हॉटेलातून बाहेर पडताना हातातले बिल पुन्हा एकदा निरखून पाहावयाचे, ही आता आपल्या शहरी जीवनातली नित्याची गोष्ट झाली आहे. चार मित्र मिसळ खावयास जातात आणि परतताना महागाईवर बोलत येतात. ‘पूर्वी असे नव्हते’ हे त्या बोलण्याचे पालुपद. ऐंशी ओलांडलेली मंडळी आण्यांत मिळणाऱ्या चहाची आठवण काढतात, त्यांच्याहून लहान असलेली मंडळी रुपया-दीड रुपयाच्या वड्याची. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा आठवणींना हसू नये. परंतु त्यांना एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा. बाहेरचे खाणे पूर्वी स्वस्त होते, हे मान्य. पण ते कोणाच्या जिवावर स्वस्त होते? धान्य, जळण, जागा आणि माणसाचे श्रम या चार गोष्टींवाचून कोणतेही ताट वाढले जात नाही. त्यांची पुरती किंमत गिऱ्हाइकाने दिली नसेल, तर ती दुसऱ्या कोणीतरी भरली असलीच पाहिजे. तो दुसरा कोण, याचा शोध मुंबई शहराच्या इतिहासात घ्यावा, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

शिजवलेले अन्न परक्याच्या हातून विकत घेऊन खाणे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील पुष्कळ घरांत कमीपणाची, किंबहुना निषिद्ध समजली जात असे. प्रवासाला निघणारा मनुष्य शिदोरी बांधून घेई. तीर्थाच्या ठिकाणी अन्नछत्र असे. पुण्यास शिकावयास आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवे किंवा माधुकरी मागे. कोणी कोणाच्या हातचे खावे, हे जातीने ठरवून दिलेले होते. आणि उपाहारगृहे निघाल्यावरही अस्पृश्य मानलेल्या आपल्याच बांधवांना कित्येक ठिकाणी दाराबाहेर निराळ्या कपात चहा घ्यावा लागे. खिशात पैसा असूनही त्यांना बाक मिळत नसे. सार्वजनिक उपाहारगृहात प्रवेश नाकारता येणार नाही, असे आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात नाव घेऊन लिहावे लागले, ते उगाच नव्हे. स्वस्ताईच्या गोड आठवणी काढताना ही बाजू विसरता कामा नये.

या जुन्या व्यवस्थेला मुंबईच्या गिरण्यांनी धक्का दिला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली. कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ पासून तिचे काम चालू झाले. पुढील काही दशकांत रत्नागिरीतून आणि घाटावरून हजारो पुरुष गिरणगावात आले. बायकामुले गावी, शेतीचा तुकडा गावी, आणि आपण येथे एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर. खोलीत झोपण्यासाठीसुद्धा पाळ्या लावाव्या लागत, तेथे चूल कोण मांडणार? अशा माणसाला दोन वेळचे जेवण हवे होते, तेही आपल्या गावच्या चवीचे आणि पगारावर पैसे देता येतील असे. या गरजेतून गिरणगावची खानावळ जन्मास आली.

ही खानावळ म्हणजे बहुधा एका बाईचे घरच असे. सकाळच्या पाळीचे डबे, दुपारचे जेवण, रात्रपाळीचे जेवण, यांत तिचा दिवस पहाटे सुरू होऊन मध्यरात्री संपे. महिनाभर माणसे जेवत आणि पगार झाल्यावर हिशेब चुकता करीत. तोवर किराणा उधारीवर आणावा लागे आणि उधारी भागली नाही की सावकाराकडे जावे लागे. ताटाचा दर वाढवावा, तर जेवणारे आपल्याच गावचे, नात्यागोत्याचे. मग बाई काय करी? ती स्वतःचे श्रम हिशेबात धरीतच नसे. डाळ, तांदूळ, तेल, कोळसा यांची किंमत दरात येई. पोळ्या लाटणाऱ्या हातांची येत नसे. गिरणी कामगाराचे जेवण स्वस्त होते याचे पहिले कारण हे होय. त्या स्वस्त जेवणावर गिरणीमालकालाही कमी पगारात माणूस मिळत होता, हेही त्याबरोबर नमूद केले पाहिजे.

१९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली मुंबईच्या रस्त्यांवर स्त्रिया लाटणी घेऊन उतरल्या. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर ही नावे त्या लढ्यामुळे घरोघरी पोचली. परंतु ज्यांचे लाटणे हेच पोटाचे साधन होते, त्या खानावळवाल्या बायांचा प्रश्न निराळाच होता. बँका १९६९ साली राष्ट्रीयीकृत झाल्या होत्या. पण तारणावाचून या बायांना दारात उभे कोण करणार? गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, बायांचे गट केले आणि एकमेकींच्या हमीवर त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराचे व्याज सुटले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वयंपाक हा धंदा आहे आणि स्वयंपाक करणारी बाई ही उद्योजक आहे, हे बँकेच्या कागदावर प्रथमच लिहिले गेले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगारांचा पगार थांबताच या खानावळींचे उत्पन्नही बुडाले. कोणाच्या पगारावर कोणाची चूल पेटत होती, हे त्या संपाने सगळ्यांना दाखवून दिले.

खानावळीनंतर इराण्याचे हॉटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या झरथुष्ट्री इराण्यांनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर चहाची दुकाने थाटली. कयानी १९०४ चे, मेरवान १९१४ चे, ब्रिटानिया १९२३ चे. कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती घेत नसत, म्हणून ती इराण्यास मिळाली, असे सांगतात. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्ची, भिंतीवर आरसा, एक चहा आणि ब्रून मस्का. एवढ्यावर तासभर वर्तमानपत्र वाचीत बसावे, तरी कोणी उठ म्हणत नसे. या आतिथ्यामागे इराण्याचा स्वभाव होता, तसाच एक कायदाही होता. १९४७ साली मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. त्याच्या नावातच घरभाड्याबरोबर हॉटेले आणि लॉजिंग हाउस यांच्या दरांचाही उल्लेख होता. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे असेल ते प्रमाण भाडे धरावयाचे, असे त्या कायद्याने ठरविले. जुन्या भाडेकरूचे भाडे असे जवळजवळ गोठले. शहरातली जमीन सोन्याच्या मोलाची होत गेली, पण चहाच्या कपात ते मोल उतरले नाही. इथे स्वस्ताईचा भार घरमालकाने सोसला. आणि भाड्यातून दुरुस्ती परवडेना म्हणून पडझड होत गेलेल्या इमारतींत राहणाऱ्यांनीही सोसला. २००० साली नवा भाडेनियंत्रण कायदा अमलात आला. तोवर कित्येक इराणी हॉटेलांची पुढली पिढी धंद्यातून बाहेर पडली होती आणि त्या नाक्यांवर दुसरीच दुकाने दिसू लागली होती.

तिसरा मानकरी उडुपी. ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंग्यास श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले, तो काळ युद्धाचा आणि धान्यटंचाईचा. मुंबईत १९४३ पासून रेशनिंग आले. अशा दिवसांत स्वच्छता, वेग आणि ठरलेला दर या तीन गोष्टींवर उडुपी हॉटेलांनी शहर जिंकले. इडली, डोसा हे पदार्थ मराठी माणसाला आपले वाटू लागले, ते याच हॉटेलांमुळे. पण टेबल पुसणाऱ्या पोऱ्याकडे आपण कधी पाहिले काय? दक्षिण कन्नडच्या खेड्यातून आलेली किती तरी मुले हॉटेलातच काम करीत, तेथेच जेवत आणि रात्री त्याच टेबलांच्या मध्ये अंथरूण टाकीत. त्यांतली जिद्दी मुले कानडी रात्रशाळांत शिकून पुढे गेली, काही स्वतः हॉटेलांची मालक झाली. हा या इतिहासातला उजळ भाग होय. तरी डोशाच्या दरात त्या मुलांचे बालपण मिळविलेले होते, हे नाकारता येत नाही. हॉटेल, ढाबा यांत १४ वर्षांखालील मुले कामास ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. ही बंदी जेथे पाळली जाते तेथे मजुरीचा खर्च वाढणारच, आणि तो वाढलाच पाहिजे.

यानंतर वडापाव. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली वडा पावात घालून विकण्यास आरंभ केला, असे सामान्यतः मानले जाते. या पदार्थाने जागेचा खर्चच काढून टाकला. खुर्ची नाही, ताट नाही, पाणी देणारा पोऱ्या नाही. गिऱ्हाइकाने उभ्याने खावे आणि गाडी पकडावी. गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी, सगळ्यांना तो परवडला. पण पदपथाचे भाडे नसले तरी पदपथ फुकट मिळत नाही. गाडी केव्हा उचलली जाईल या धास्तीत फेरीवाल्याने दिवस काढावयाचा, आणि चालणाऱ्याने रस्त्यावर उतरून चालावयाचे, ही त्या स्वस्ताईची किंमत होती. फेरीवाल्यांच्या हक्कांचा कायदा देशाने २०१४ साली केला. वडापावचा शोध लागून तोवर जवळजवळ अर्धशतक लोटले होते.

स्वस्त ताटाचा खर्च सरकारनेही उचलून पाहिला. १९९५ साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली. काही वर्षांतच ती गुंडाळली गेली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी मिळू लागली. दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात. या योजनेचा हिशेब मोठा उद्बोधक आहे. शहरात एका थाळीचा दर सरकारने ५० रुपये धरला, ग्रामीण भागात ३५ रुपये. दहा रुपये जेवणाऱ्याने द्यावयाचे, उरलेले ४० किंवा २५ सरकारने. राजकारण बाजूला ठेवले, तर आपल्या इतिहासात प्रथमच स्वस्त ताटावर त्याची खरी किंमत आणि ती भरणाऱ्याचे नाव, दोन्ही उघडपणे लिहिलेली आढळतात.

आता आजच्या बिलाकडे वळू. भाडे गोठविणारे दिवस गेले. धंद्याच्या १९ किलोच्या गॅस सिलिंडरला घरगुती सिलिंडरची सवलत नाही. १ मे २०२२ रोजी दिल्लीत त्याचा दर २,३५५ रुपयांच्याही वर गेला होता. १९९६ साली मॅकडोनाल्ड्सची उपाहारगृहे दिल्ली-मुंबईत उघडली आणि थंडगार हवा, चकचकीत बैठक यांचीही किंमत ताटात मिळविण्याची सवय आपल्याला लागली. २०१७ च्या नोव्हेंबरपासून बहुतेक उपाहारगृहांच्या बिलावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. भ्रमणध्वनीवरून खाणे मागविण्याची सोय आली तेव्हा आरंभी सवलतींची खैरात झाली. ती खैरात गुंतवणूकदारांच्या पैशाची होती, आणि असा पैसा कायमचा दान म्हणून येत नसतो. २०२३ साली स्विगी आणि झोमॅटो यांनी प्रत्येक मागणीवर दोन रुपयांचे निराळे शुल्क घेण्यास सुरुवात केली व पुढे ते वाढत गेले. त्यातही उन्हापावसात दुचाकीवरून डबा आणणारा तरुण हा त्या कंपनीचा नोकर नव्हे, ‘भागीदार’ म्हणविला जातो. त्याच्यासारख्या कामगाराची व्याख्या कायद्यात आली ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. खानावळवाली बाई, हॉटेलातला पोऱ्या आणि हा दुचाकीस्वार यांच्या कपड्यांत आणि काळात अंतर असेल. हिशेबातले त्यांचे स्थान एकच आहे.

यावर कोणी म्हणेल, मग घरीच खावे. घरचे स्वस्त पडते. पण घरच्या ताटालाही हाच प्रश्न विचारावा लागेल. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत असे आढळले की, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे घरची स्वस्ताईही कोणाच्या तरी पाच तासांवर उभी आहे. ती स्त्री आज नोकरीस जाते, दीड तास लोकलने प्रवास करते, आणि घरातली चूल दोन वेळ पेटविणे तिला शक्य होत नाही. सरकारी खर्चपाहणीप्रमाणे शहरी कुटुंबाच्या खर्चात पेये, उपाहार व तयार अन्न यांचा वाटा १९९९-२००० मध्ये सुमारे ६.४ टक्के होता; २०२२-२३ मध्ये तो १०.६ टक्क्यांवर गेला. उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो, असे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखविले होते. आपल्याकडेही एकूण अन्नाचा वाटा घटला आहे. वाढला आहे तो तयार अन्नाचा. हे सगळे चैनीचे खाणे आहे, असे समजणे चुकीचे होईल.

म्हणून महागाईची तक्रार करताना दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत. रविवारी सहकुटुंब हॉटेलात जाणाऱ्याला ताट महाग वाटले, तर त्याने महिन्यातून एकदा कमी जावे. त्यात समाजाचे फारसे बिघडत नाही. परंतु ज्याला घर नाही, चूल नाही, जो इमारतीच्या पहाऱ्यावर बारा तास उभा आहे किंवा परगावाहून शिकावयास येऊन खाटेपुरत्या जागेत राहतो, त्याला बाहेर जेवण्यावाचून गत्यंतर नाही. त्याचे ताट महागले की तो एक वेळचे जेवण वडापाववर भागवितो, आणि त्याची प्रकृती पुढे त्याचा हिशेब मागते. त्याचे जेवण त्याला परवडले पाहिजे, आणि तरीही ते रांधणाऱ्या-वाढणाऱ्याच्या पोटावर पाय येता कामा नये.

हे कसे साधावयाचे? मार्ग आपल्या इतिहासातच आहेत. गटाच्या हमीवर स्वयंपाकिणीला भांडवल मिळाले होते. भाड्याची झळ कमी करणारा कायदा एकदा झाला होता. थाळीचा फरक सार्वजनिक तिजोरीतून भरला गेला होता. फेरीवाल्याला जागा देण्याचा कायदा पुस्तकात आहे. त्या त्या उपायाचे दोषही आपल्याला आता ठाऊक झाले आहेत. शहराला माणसांचे श्रम हवे असतील, तर त्यांच्या जेवणाचा विचार रस्ते आणि पाणी यांच्याइतक्याच गंभीरपणे शहराने केला पाहिजे. आणि आपण गिऱ्हाइकांनी एवढे तरी करावे. बिलावरचा आकडा पाहून कपाळाला आठी घालण्यापूर्वी, त्यातले किती जागेला गेले, किती कराला गेले आणि तव्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती किती पडले, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनी खानावळीत विचारला असता, तर या इतिहासातली काही पाने निराळी लिहिली गेली असती.